शेवटचं पाणी उजेडात धरणारी

पुष्पलता,

नरखेडला भावाच्या बागेत बसून तू आता संत्री सोलत असशील. सोल. पण तुझ्याबद्दल चार माणसांना सांगायचं राहून गेलं होतं, ते आज सांगून टाकते. "काहून लिहिता जी मॅडम?" असं म्हणशील. म्हण. या हकिकतीत मी स्वतःला मधुवंतीबाई म्हणणार आहे. 'मी' म्हटलं की माणूस स्वतःला फार सांभाळून घेतो.

तर पुष्पलता राहायची सक्करदऱ्याला आणि बत्तीस वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायची. तिची पद्धत ठरलेली. आधी साबण, मग रात्रभर पातळ आम्लात, मग ब्रशनं घासून तीनदा शुद्ध पाणी. तिसरं पाणी ओतून द्यायच्या आधी बाटली खिडकीच्या उजेडात धरायची. काही तरंगताना दिसलं की पुन्हा साबणापासून सुरुवात.

"पुष्पलताताई, बाटली आहे ती, नवरी नाही," गार्गी चिडवायची.

"नवरीले एवढं कोणी धुते का वं?"

गार्गी ही मधुवंतीबाईंची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. ती नाग नदीच्या पाण्यात तिळाहून बारीक प्लास्टिकचे कण शोधत होती. नुसत्या प्लास्टिकचं तिला काही नव्हतं. पाण्यातलं शिसं, जस्त असले धातू जुन्या, खरबरीत झालेल्या कणाला चिकटतात आणि त्याच्याबरोबर पुढे जातात, थेट मासोळीच्या पोटापर्यंत. बाईंनी हे एकदा समजावलं तेव्हा पुष्पलता म्हणाली, "म्हणजे हमाली करून राहिलं म्हणा प्लास्टिक." बाईंनी पुढे कित्येक भाषणांत हे वाक्य वापरलं. कोणाचं ते मात्र सांगितलं नाही.

फेब्रुवारीत नदीवरच्या पाचही ठिकाणच्या पाण्यात गुलाबी तुकडे निघाले, केसासारखे बारीक. डिसेंबरात एकही नव्हता. गार्गी हरखली आणि बाई तिच्याहून जास्त. वरच्या अंगाला कोणीतरी नवा कारखाना घाण सोडतो आहे, असं दोघींनी ठरवूनही टाकलं. लेख लिहून झाला. सोमवारी तो पाठवायचा होता.

शनिवारी सकाळी पुष्पलतानं एका बाटलीतलं तिसरं पाणी उजेडात धरलं. त्यात एक गुलाबी केस फिरत होता.

ही बाटली अजून नदीवर गेलीच नव्हती.

तिनं मान वळवली. बेसिनच्या खिळ्याला गुलाबी ब्रश टांगलेला होता, बराचसा टकला झालेला. तो संक्रांतीच्या हळदीकुंकवातला. बाईंना या प्रकाराचा कंटाळा. सुनेच्या आग्रहापायी त्यांनी इतवारीच्या बाजारातून दोन डझन नायलॉनचे ब्रश एका झटक्यात उचलले आणि वाण म्हणून वाटले. बाकीच्या बायकांनी ते माळ्यावर टाकले असतील. पुष्पलताला मॅडमच्या वाणाचं मोल होतं, आणि प्रयोगशाळेतला ब्रश झिजलाही होता. तिनं तो कामावर आणला. आम्लातून काढलेल्या ओल्या बाटल्या घासता घासता नायलॉन ठिसूळ झालं आणि तुटत राहिलं. तुटके केस काचेला चिकटून बसायचे, तिसऱ्या पाण्यात तरंगायचे नाहीत; म्हणून आजवर तिच्या नजरेतून सुटले.

निवृत्तीला आठ महिने होते. बत्तीस वर्षांत तिच्या कामाला कोणी नावं ठेवली नव्हती. पाणी बेसिनमध्ये ओतलं असतं तर पुढेही ठेवली नसती. तिनं ते ओतलं नाही. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात ब्रश घेऊन ती बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, हे नदीतलं नाही जी. माह्या हातचं आहे."

बाईंनी बाटली पाहिली आणि त्यांचा आवाज चढला. "हा ब्रश इथं आणायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"सांगतलं नाही कोणी. देल्ला तुमीच. वाणात."

बाईंनी ब्रश ओळखला. कोऱ्या पाण्याची, म्हणजे नदीवर न नेलेल्या धुतल्या बाटलीतल्या शुद्ध पाण्याची, तपासणी दर महिन्याला करायची असते. या दोघी पदवीधर बायकांनी ती डिसेंबरात एकदा करून हात झटकले होते, हेही त्याच मिनिटाला त्यांच्या ध्यानात आलं. गार्गीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडून काहून राहिली वं? थे गुलाबी सगळं काढून टाक. नदीच्या अंगावर लोकांचा कचरा काय कमी हाय, त्याच्यात आपला टाकून तिचं नाव खराब करतो का आपण?"

लेख गेला नाही. पुष्पलतानं घरून जुन्या सुती धोतराच्या चिंध्या आणल्या, काचेच्या कांडीला गुंडाळल्या आणि सगळ्या बाटल्या नव्यानं धुतल्या. नदीवरच्या खेपा पुन्हा झाल्या. कोरं पाणी आता दर खेपेला तपासलं गेलं आणि दर खेपेला कोरंच निघालं. गुलाबी नाहीसं झालं. उरले मळकट, करडे कण, पहिल्याहून कितीतरी थोडे. पण त्यांच्यावरचं शिसं खरं होतं.

तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी भुवई उंचावून विचारलं, "कोरं पाणी इतकं कोरं? हे कसं जमवलं?" गार्गीनं मागच्या बाकाकडे बोट केलं. पुष्पलता उठून उभी राहिली.

"शेवटचं पाणी उजेडात धरा लागते, साहेब."

परीक्षकांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी बाईंची मान जितकी ताठ होती, तितकी स्वतःच्या डॉक्टरेटच्या दिवशीही नव्हती.

त्या शनिवारी बाईंनी पुष्पलताला एक शब्द दिला होता: इतवारीतून खऱ्या केसांचा ब्रश आणून देते. दर सोमवारी ती विचारायची, "मॅडम, ब्रश?" दर सोमवारी बाई म्हणायच्या, "आणते गं." आठ महिने चिंध्यांवर गेले. ती निवृत्त झाली. काचसामानाच्या कपाटाला आतून तिनं चिकटवलेला कागद अजून तसाच आहे: 'ब्रश. मॅडम आणणार आहेत.'