वाढत्या अंगाची सायकल

आमच्या घरात माझ्या मापाचं कधी काही आलंच नाही. शाळेचा शर्ट, रेनकोट, चपला, सगळं वाढत्या अंगाचं. अंग वाढेपर्यंत कापड विरायचं, मग नवं यायचं, तेही वाढत्या अंगाचं. डोंबिवलीत घरोघरी हीच रीत, त्यामुळे कुणी कुणाला हसत नसे. मला मात्र राग यायचा. अजूनही येतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. जाड टायरच्या, सरळ हँडलच्या गिअरवाल्या सायकली नुकत्याच दुकानांतून दिसू लागल्या होत्या. आमच्या बिल्डिंगमधली मोठी मुलं रविवारी त्या घेऊन मलंगगडाच्या पायथ्याकडे जायची आणि लाल धुळीने माखून परत यायची. मला तेवढंच हवं होतं. आईला मध्ये घालून, वर्षभर भुणभुण करून मी बाबांना एकदाचं कल्याणच्या दुकानात नेलं.

एकाच मॉडेलच्या दोन सायकली होत्या. निळी लहान फ्रेमची, लाल मोठ्या फ्रेमची.

"काका, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहू दे त्याला," दुकानदार म्हणाला. "टाचा जमिनीवर, आणि वर चार बोटं जागा पाहिजे. डोंगरात न्यायची तर हे बघायलाच लागतं."

निळीवर चार बोटं बरोबर बसली.

"आता लालवर उभा राहा," बाबा म्हणाले. "वाढतं अंग आहे. निळी वर्षभरात तोकडी होईल."

लालवर उभा राहिलो. टाचा टेकायला गेलो की दांडा वर रुतायचा. बाबांचा स्वभाव मला पाठ होता. पाय पोचत नाहीत म्हटलं असतं, तर 'मग पुढच्या वर्षी बघू' हे ठरलेलं उत्तर आलं असतं. मी गुपचूप टाचा उचलल्या. माझी पँटही वाढत्या अंगाची, बुटांवरून पार जमिनीपर्यंत लोळणारी. टाचा कुणाला दिसल्याच नाहीत.

"पोचतायत ना रे?"

"पोचतायत."

दुकानदाराने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. बाबा म्हणाले, "लाल द्या."

रविवारी ते सोबत आले. पहिल्याच दिवशी एकट्याला सोडणार नाही म्हणाले. त्यांची काळी सायकल गावाहून आलेली, माझ्याहून जुनी. ती ते मोठ्या ऐटीत चालवायचे. ठाकुर्लीच्या फाटकाशी थांबायचं झालं तर ठरलेल्या एका दगडावर पाय ठेवून थांबायचे, आणि मला ते राजासारखे वाटायचे. त्या दिवशी मात्र माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. वाटेत कुठे थांबावं लागू नये, एवढाच मी धावा करत होतो.

डांबरी रस्ता संपला आणि मुरमाचा उतार लागला. सायकल आपसूक पळायला लागली. वळणावर म्हशी आडव्या आल्या. मी दोन्ही ब्रेक दाबले, सायकल थांबली, आणि माझा पाय जमीन शोधत राहिला. जमीन लागली नाही. दांडा असा बसला की श्वासच अडकला, आणि सायकलीसकट मी कोरड्या नाल्याच्या कडेला आडवा झालो. हातभर पुढे गेलो असतो तर खाली दगड होते.

मागे धाडकन आवाज झाला. बाबांनी ब्रेक दाबून बाजूला उडी मारली होती आणि त्यांची सायकल मुरमात पडली होती. ते तसेच धावत आले. त्यांनी माझे हातपाय चाचपून पाहिले.

"पाय का नाही टेकलास?"

"पोचत नाहीत. दुकानातसुद्धा पोचत नव्हते. मी टाचा उचललेल्या."

आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर बाबा आपली सायकल उभी करून हँडलवरची धूळ पुसत होते. पुसून झाली तरी पुसतच राहिले.

"चोवीस इंची फ्रेम आहे हिची," ते म्हणाले. "तुझ्या आजोबांनी घेतली तेव्हा मी आठवीत होतो. वाढत्या अंगाची म्हणून घेतली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे अजून नाही पोचत."

मला फाटकाजवळचा तो दगड आठवला. भाजीवाल्यासमोरचा कट्टा, वाण्याची पायरी, बाबा सायकल थांबवायचे त्या सगळ्या जागा आठवल्या. तळहात सोलवटला होता, पण रडू आलं ते त्यामुळे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा कल्याणला गेलो. ओरखडे पडलेली सायकल कोण बदलून देणार, हाच विचार मी वाटभर करत होतो. दुकानदाराने ओरखड्यावरून बोट फिरवलं, माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि निळी बाहेर काढली.

मी दांड्यावरून पाय टाकला. बाबा भर दुकानात माझ्यासमोर खाली बसले आणि माझ्या पँटचे पाय त्यांनी दोन-दोन घड्या घालून वर दुमडले.

"आता उभा राहा," ते म्हणाले, आणि माझ्या टाचांकडे बघत राहिले.