चित्त्याचा पट्टा आमच्या मनीला

बायांनो, आज आमची मनी पहिल्यांदाच गल्लीत फिरली. कुत्र्यांच्या भीतीनं आजवर ती खिडकीतच बसायची.

आमचे मालक महाराजांचे चित्ते सांभाळतात. चित्त्याला फिरवताना दोरी गळ्यात नाही, कमरेच्या पट्ट्याला बांधतात. तसाच छोटा पट्टा मी मनीसाठी शिवला. मालक हसले. "मांजराला कुठं दोरी असती व्हय?"

गल्लीत कुत्रं अंगावर आलं. मनी घाबरून समोरून येणाऱ्या टांग्याच्या चाकाकडं पळाली. मी दोरी आवरली, तिला उचलून छातीशी धरलं.

मालक दारातून बघत होते. म्हणाले, "उद्या माझा चित्ता बी तूच फिरव की."

चित्त्याचं बघू, पण मनी उद्याही बाहेर जाणार. तुमच्या मांजरी अजून खिडकीतच हायत का?