समाधान न्हाई सध्या

पुण्याहून जालन्याला निघालो तेव्हा पिशवीत दोन प्रश्नावल्या होत्या. एकत्र राहणाऱ्या दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना आम्ही विचारतो, नात्यात समाधान किती, अडीअडचणीला आधार कोणाचा. उत्तर एक ते सात या आकड्यांत. माझे पोट यावर चालते. मी स्वतः अशाच एका नात्यातून एकटा उरलो आहे, ते मात्र कोणी विचारत नाही.

नावे विचारायची नाहीत, असा आमचा नियम. आदल्या दिवशी फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, “समाधान न्हाई सध्या. तरी बी या.” मला वाईट वाटले. इतक्या सरळपणे कबूल करणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता.

“जालना, सोने का पालना!” असे एसटीतले शेजारी अभिमानाने म्हणाले. उतरल्यावर पाळण्यात मला धूळच जास्त दिसली. रिक्षाने एमआयडीसी गाठली. सळयांच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती आणि एका दारात तिशीचा माणूस उभा होता. बियाण्यांच्या कारखान्यात तो कामाला.

“तुम्ही समाधानी नाही म्हणालात, त्याबद्दल...” मी हळूच सुरुवात केली.

“मी कुठं म्हन्लं तसं? समाधान न्हाई म्हन्लं. तो राजूरला गेलाय, त्याच्या घरी.”

समाधान हे त्याच्या जोडीदाराचे नाव! मी खो खो हसलो, तोही हसला, पण त्याचे हसू टिकले नाही. (त्याला इथे मी कैलास म्हणतो. समाधानचे नाव बदलले तर गोष्टच उरत नाही, आणि या भागात समाधान गल्लोगल्ली सापडतात.)

“पोरगी पाहायला बोलवलं व्हतं. ‘न्हाई म्हनून सांगतो अन् जल्दी येतो’ म्हनून गेल्ता. पंधरा दिस झाले, आता फोन उचलून न्हाई राह्यला.”

त्याने जेवायला वाढले. भाकरी आणि वांग्याचे कोरड्यास (कालवण). हाताला सवय दोघांच्या अंदाजाची, म्हणून माझ्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. समाधानच्या वाटचे मी जेवलो.

मग प्रश्न. “मनातलं कोणाजवळ बोलता?”

“समाधानजवळ.”

“आणखी कोणी?”

“न्हाई. अन् आता त्याचंच सांगायचंय, तं कोनाला सांगू?”

पुढचे प्रश्न माझ्याच्याने विचारवेनात.

“राजूरला चलता का?” तो म्हणाला. “पाहुन्याला गनपती दाखवायला आनलं म्हन्तो. नुसतं त्याचं तोंड पाहून येऊ.”

मोटारसायकलवरून निघालो. दुतर्फा कापूस, मध्येच मोसंबीच्या बागा.

देवळाच्या पायऱ्यांवरच समाधान भेटला, आईवडिलांबरोबर. आईच्या हातात ताट होते आणि ताटात हळदकुंकू लावलेल्या लग्नपत्रिका. पहिली पत्रिका गणपतीला ठेवून ते बाहेर येत होते. कैलासने माझा दंड घट्ट धरला.

“अगं बाई, कैलास! बरा आलास,” आई म्हणाली. “देवाची झाली, आता पयली तुला.” तिने पत्रिका त्याच्या हातात ठेवली. “हळदीच्या आधीच ये बाबा. तुझ्याबिगर कोन हाय त्याला?”

“येतो की, काकू.”

समाधान पायरीकडे बघत होता.

“जेवला का?” कैलासने विचारले.

“हां.”

एवढेच बोलले दोघे. आई मला प्रसाद देत होती. तिचा राग यावा असे तिच्यात काहीच नव्हते, आणि मला तेच सोसवेना.

जालन्याच्या स्टँडवर कैलास गाडी सुटेपर्यंत थांबला. खिडकीशी येऊन म्हणाला, “लग्नाला संगं याल का? तिथं सगळे मला दोस्त म्हन्तील. एकाला तरी बराबर माहीत असावं.”

हे आमच्या नियमात बसत नाही. मी हो म्हणालो.

पुण्यात येऊन खोलीचे कुलूप काढले. प्रवासाहून परतलेला माणूस चपला काढता काढताच सांगू लागतो, “अरे, काय झालं ऐक ना.” मी चपला काढल्या. ऐकायला कोणी नव्हते, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.