नऊ कडवी आणि बसलेला घसा

माझ्या आवाजाबद्दल आमच्या घराण्यात अजिबात दुमत नाही. सगळ्यांचं एकच मत आहे, फक्त ते मला फार उशिरा कळलं.

घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं मी रचते आणि मीच गाते. धाकट्या दिराच्या लग्नात माझ्या सातव्या कडव्याला मुहूर्त टळला आणि अंतरपाट धरणाऱ्याच्या हाताला मुंग्या आल्या (तो पहिल्यापासूनच अशक्त!). तरी भावाच्या मुलीचं, मधुराचं लग्न ठरलं तेव्हा मी नेटानं नऊ कडवी लिहिली. दोन्हीकडच्या माणसांची नावं गुंफून. एकुलती एक भाची ती, तिच्यासाठी मला गायचंच होतं. लग्न रविवारी, भाईंदरच्या एका हॉलमध्ये. आणि बुधवारी सकाळी मीरा रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी उठले ती घसा बसूनच.

"घसा," मी कशीबशी करकरले.

"अरेरे," हे म्हणाले आणि स्वतः उठून चहा केला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, ह्यांच्या हातचा पहिलाच चहा. मला वाटलं, काळजी.

मी मिठाच्या गुळण्या सुरू केल्या. कुठलीही गोष्ट मी अर्धवट करत नाही, त्यामुळे सहा वाजता बाथरूमची खिडकी उघडून, डक्टकडे तोंड करून, अगदी पोटातून. त्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगला पाणी दिवसाआड यायचं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. नळाला पाणी यायच्या आधी पाइपात जी गुडगुड होते, ती ऐकायला लोक झोपेतही कान टवकारून असायचे. दोन मिनिटांत चारही मजल्यांवर बादल्या आपटल्या. खालच्या जसुबेन तर टब घेऊन वर आल्या.

"भाभी, तुमारे यहाँ पानी आया? हमारे नल में तो खाली आवाज आता है."

"वो मैं हूँ," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "गुळण्या करती हूँ."

त्यांनी टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अदरक लो, अजमो लो," म्हणाल्या, पण त्या आल्या-ओव्यात माया नव्हती. संध्याकाळी सेक्रेटरींनी जिन्याखालच्या बोर्डावर नोटीस लावली की रहिवाशांनी सकाळी सातच्या आत गुळण्या करू नयेत.

ह्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारला. "सूज आहे. गोळ्या देतो. आणि तीन दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही."

"तीनच?" हे म्हणाले.

माझी देखभाल करायला ह्यांनी रजा टाकली. मी पाटीवर लिहून दाखवायची आणि हे म्हणायचे, चष्मा सापडत नाहीये. तीन दिवस चष्मा सापडला नाही. पेपर मात्र अथपासून इतिपर्यंत वाचून व्हायचा. ज्येष्ठमध चघळून जीभ बधिर झाली, हळदीच्या दुधानं ओठ पिवळे पडले, घसा जागचा हलेना. शुक्रवारी मी कडव्यांचा कागद पुढ्यात घेऊन चक्क रडले.

तेवढ्यात दारात मुर्धा गावाहून येणाऱ्या आमच्या मासळीवाल्या पार्वतीबाई. माझ्या हातातली पाटी बघून म्हणाल्या, "बाय, गला बसलाय काय तुजा? चिंबोरीचा रस्सा पी, तिखट. याला दुसरा औषीद न्हाय."

प्यायले तो खेकड्याचा रस्सा. डोळ्यांतून, नाकातून, बहुधा कानांतूनही पाणी आलं. आणि शनिवारी संध्याकाळी घसा खाडकन मोकळा! मी उभ्या उभ्या नऊच्या नऊ कडवी म्हणून पाहिली. हे गॅलरीत जाऊन वहिनीला, म्हणजे मधुराच्या आईला, फोन करत होते. "बरी झाली," हे हळूच सांगत होते. "हो ना. पूर्ण."

आनंदानं माणसाचा आवाज इतका पडतो, हे मला नवीनच होतं.

रविवारी हॉलमध्ये शिरते तोच वहिनी धावत आली. एरवी तिच्या घरी मला पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं. "वन्सं, उन्हातून आलात. पन्हं घ्या." ग्लासात पन्ह्यापेक्षा बर्फ जास्त. मी म्हटलं, घशाला नको. तर म्हणते, "तुमच्यासाठी मुद्दाम केलंय हो, आजच्या मानकरी तुम्ही." मानकरी म्हटल्यावर मी कशी नाही म्हणणार? एक ग्लास मानाचा, दुसरा आग्रहाचा. तिसरा ह्यांनी आणून दिला.

अंतरपाट धरला गेला. तांदूळ वाटून झाले. गुरुजींनी घड्याळ बघत माझ्याकडे नाइलाजानं मान हलवली. मी माइक हातात घेतला, कागद उलगडला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

फुस्स.

पुन्हा उघडलं. पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा माइकनंच शिट्टी मारली. गुरुजींनी तो माझ्या हातून अलगद काढून घेतला, स्वतः दोन अष्टकं म्हटली आणि मुहूर्ताच्या अगदी ठोक्याला अक्षता पडल्या. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच. पंगतीत मला प्रत्येकानं येऊन विचारलं, "घसा कसा आहे?" इतक्या हसऱ्या चेहऱ्यानं आजाऱ्याची चौकशी मी कधी पाहिली नव्हती. आणि एकालाही उलटून बोलायची सोय नव्हती.

महिन्याभरानं लग्नाची सीडी आली. सगळे एकत्र बघायला बसलो. अख्ख्या सीडीत मधुरा रडवेली आहे. हळदीत, सप्तपदीत, पाठवणीत तर विचारूच नका. मनापासून हसलीय फक्त एकदा, अंतरपाटाआड, माझ्या तोंडून पहिलं फुस्स निघालं तेव्हा. शेजारी गुरुजींनी डोळे मिटून हात जोडलेत. मागे वहिनी ह्यांच्याकडे बघतेय आणि हे वहिनीकडे. आणि व्हिडिओवाल्यानं, त्याला काय सुचलं देव जाणे, नेमका तेवढाच तुकडा लाल बदामाच्या चौकटीत, स्लो मोशनमध्ये, दोनदा टाकलाय.