थांबा, नाव येतेय

बारा वर्षं मी कोकण किनाऱ्यावर बचाव नौकेचं इंजिन सांभाळलं. बावीस फुटी, फायबरची, नारिंगी रंगाची नौका. आम्ही तिला नुसती नाव म्हणायचो. मच्छीमारांची होडी उलटली की आम्ही निघायचो आणि लांबूनच ओरडायचो, ‘पोहू नका, धरून बसा, आम्ही येतोय.’ माणूस बुडतो तो बहुतेक घाईने, हे तिथं पहिल्याच दिवशी डोक्यात घालत. झोपेतही मी हेच बरळतो, असं बायको सांगते.

नाव जुनी झाली. इंजिन उतरवून तिचा लिलाव झाला. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ती घेतली आणि ट्रॉलीवर घालून दौंड तालुक्यातल्या आमच्या गावी आणली. गावाला लागून भीमा, पलीकडे शिरूर तालुका. लोक हसले.

"हसा की," दादा म्हणाला. "पूर आला म्हंजी कळंल. घरात दर्यावरचा माणूस हाय, आन् नाव नको व्हय?"

मीही त्याच साली नोकरी सोडून आलो. नाव आणि मी एकदमच भंगारात निघालो, असं तो चिडवायचा.

चार पावसाळे पूर काही आला नाही. नाव गोठ्यामागे पडून राहिली, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. पाचव्या उन्हाळ्यात दादा आठ दिवस शिरूरला लेकीकडे गेला होता. अंगणात कांद्याचा ढीग आणि आभाळ भरून आलेलं. नाव भरली तरी तरंगावी म्हणून तिच्यात घातलेला फोम मी उपसून फेकला, तेवढीच जागा वाढली. कांद्याला खालून हवा लागते, नाहीतर सडतो, म्हणून ड्रिल मशीनने तळाला अंगठा जाईल एवढाली भोकं पाडली. कांदा भरून वर ताडपत्री बांधली. दादा आला, कांदा कोरडा बघून खूश झाला. भोकांचं सांगायचं राहून गेलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं. दादा सकाळीच नदीवरची मोटर काढायला गेला आणि अडकला. पंपघराच्या छपरावर चढला. मधे आमचा ऊस, त्यात तेव्हा छातीभर पाणी. दादा पट्टीचा पोहणारा. पायजमा खोचून उडीच्या तयारीत उभा होता. काठावर मी एकटाच होतो. हात वर करून ओरडलो, "दादा, उडी मारू नगं! बसून ऱ्हा! नाव आणतो!"

सवयीने तोंडातून निघालं. दादाने मान हलवली आणि निवांत खाली बसला.

मी पळत नावेपाशी गेलो, ताडपत्री ओढली, तेव्हा भोकं आठवली. शेजारपाजारचे धावून आले. चौघांनी मिळून कांदा उपसला, भोकांत बारदान कोंबलं, वरून चिखल थापला. ट्रॅक्टरने नाव पाण्याला लावली. कमरेला दोर बांधून मी बसलो. वीसेक हात गेलो असेन. बोळे एकेक करून वर आले, नाव भरली. लोकांनी दोर ओढून मला बाहेर काढलं. वर पाहिलं तर उसाचे शेंडेही दिसत नव्हते. दादा तसाच बसलेला, आमच्याकडे बघत. मी पुन्हा काही ओरडलो नाही. थोड्या वेळाने छप्पर गेलं.

तिसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडला. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. जेवतो, झोपतो, लाइट आली की मोटर चालू करून येतो.

नाव काठावर गाळात रुतलीय. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण वहिनी देऊ देत नाही. भोकांचं सगळ्या गावाला ठाऊक आहे. वहिनीने त्यावरून मला कधी बोल लावला नाही.

परवा भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, "भावजी, एवढं पोहणारं माणूस. पाणी कमी हुतं तवाच उडी का न्हाई टाकली ह्यांनी?"

"पाण्याला लई ओढ हुती," मी म्हणालो.

"व्हय, आसंल," म्हणून तिने माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली. मी ती खाल्ली.