भुवनेश्वरीची उपाशी येळवस

भुवनेश्वरीला आमच्या तामलवाडीत सगळे शांत म्हणतात. मला तो शब्द ऐकला की चीड येते. कुणीही यावं, तोंडाला येईल ते बोलावं आणि हिनं 'बरं' म्हणावं, याला लोक शांत म्हणतात. ती माझी धाकटी जाऊ. आमच्या पिठाच्या गिरणीला लागून एक खोली आहे. टेबल, खुर्ची आणि दोन मोबाईल एवढ्यावर तिथं तिचं ऑफिस चालतं. मी इकडं दळण दळते आणि पट्टा थांबला की भिंतीपलीकडं तिला बोलणी खाताना ऐकते.

तिचं काम राखणदारांवर देखरेख करायचं. आमच्या भागातल्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्या बुडात तांब्याची जाड केबल असते आणि चोरांचा डोळा तिच्यावर. म्हणून कंपनीनं प्रत्येक टॉवरखाली एक माणूस बसवला. अशी नऊ माणसं. कुणी धनगर, कुणी आमच्यासारखे घरात कन्नड बोलणारे लिंगायत, दोघं तर थेट बिहारचे. एकाचा माळ दुसऱ्यापासून लांब. आधीच्या सुपरवायझरच्या काळात एक केबल चोरीला गेली आणि तिच्याबरोबर त्याची नोकरीही. साइटच्या ऑफिसात भुवनेश्वरी कॉम्प्युटरवर बसायची, तिला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही यायचं, म्हणून ती जागा तिला मिळाली. साहेब पुण्यात, माणसं माळावर आणि ही गिरणीशेजारी. सगळा कारभार फोनवर. त्या नऊ जणांनी तिचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं, पण राग मात्र पहिल्या दिवसापासून धरला.

सगळ्यांत जुना मल्हार. सुपरवायझरची जागा आपलीच असं तो धरून चालला होता. टॉवरखालून रोज हजेरीचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा असतो. पहिल्या सकाळी त्यानं शेळीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हजर.' बाकीच्यांच्या हसण्यानं ग्रुप भरून गेला. भुवनेश्वरीनं उत्तर दिलं, 'शेळी पोचली. मल्हारमामा, आता तुमचा फोटो टाका.' मी असते तर त्या शेळीलाच पगारावर घेतलं असतं आणि त्याला घरी पाठवलं असतं.

ही प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलायची, तर त्याचंही वाकडंच. कन्नडमधून बोलली की मराठीवाल्यांना वाटायचं, आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय. मराठीतून बोलली की गुरुसिद्धप्पा रुसायचा, आपली असून परक्यासारखी बोलते म्हणून. बिहारच्या दोघांना त्यांच्या आईचं औषधपाणी विचारलं तर उरलेले सात म्हणायचे, आमच्या आया काय वरून पडल्या का?

त्यातच तिनं त्यांची चोरी पकडली. हे लोक टॉवरवर जाताना पिशवीत दोन-तीन शर्ट नेत. एकाच दिवशी शर्ट बदलून आठवड्याचे फोटो काढून ठेवत आणि पुढं घरी बसून रोज एक टाकत. भुवनेश्वरी शेतकऱ्याची लेक. फोटोत मागं ज्वारी गुडघ्याएवढी आणि शिवारात कमरेला लागलेली, हे तिला दिसायला वेळ लागला नाही. तिनं साहेबांना कळवलं नाही. एकेकाला बाजूला फोन करून सांगितलं, "शर्ट बदलला, ज्वारी कशी बदलणार? इथून पुढं खोटा फोटो नको." वाचवलं ते कुणाच्या डोक्यात गेलं नाही. पकडलं, तेवढंच लक्षात राहिलं.

आणि मग आली येळवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळी माणसं शेतात. कोप म्हणजे कडब्याचं खोपटं करायचं, पूजा करायची आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं जेवायचं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी वैऱ्यालाही उपाशी जाऊ देत नाहीत.

राखणदारांनी सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, "कुठली अमावस्या? एकही टॉवर रिकामा दिसला आणि केबलला काही झालं, तर तुम्ही आणि तुमची नऊ माणसं, सगळे बंद. बाहेरची एजन्सी आणू." मल्हारनं ग्रुपवर तोडगा काढला. फोटो आदल्या दिवशीच काढून ठेवू आणि दिवसभर शेतात जाऊ, दरवर्षीसारखं. आणि आमच्या शांत बाईनं काय करावं? साहेबांना फोन करून सरळ सांगितलं, "माझी माणसं दुपारी पाळीपाळीनं जेवायला जातील. एकही टॉवर राखणीवाचून राहणार नाही. काही गेलं तर मला काढा." साहेब बराच वेळ तडतडले आणि शेवटी म्हणाले, "बघा बाई, तुमच्या जबाबदारीवर."

तिनं शेजारशेजारच्या माळांच्या जोड्या लावल्या. एक जेवायला गेला की दुसऱ्यानं दोन्हीकडं फेऱ्या मारायच्या. मल्हारचा माळ एका टोकाला, त्याला जोडीदार नव्हता. तिथं ती स्वतः बसणार होती. पण दिवसभराची सुट्टी बुडून घटकाभराचं जेवण पदरात पडलं म्हणून सगळे चवताळले. संध्याकाळी मल्हारचा आवाज ग्रुपवर आला. "म्याडमला लई खरेपणा आलाय. उद्या ही बाई कुठल्याबी माळावर आली तर तिला आंबिलीचा घोट बी द्यायचा न्हाय. जो दील त्यो आपला न्हाय." खाली आठही जणांचे अंगठे.

मी गिरणी बंद केली ती पट्टा आपटूनच. "जाऊ नकोस," म्हटलं.

"अक्का, टॉवर रिकामा कसा ठेवू?"

"मग डबा तरी घे."

"येळवशीला शिदोरी बांधून कुणाच्या शिवारात जायचं? त्यांचा अपमान व्हईल."

त्यांचा अपमान! मी डोक्यावर हात मारून घेतला. सासूबाईंनी तोंड फिरवलं, घरच्या येळवशीला दोन्ही सुना नाहीत म्हणून. तरी मी तिच्या स्कुटीवर मागं बसले. मी जेवायला नाही, भांडायला निघाले होते.

माळावर पोचलो तेव्हा मल्हारनं काठी उचलली आणि आमच्याकडं न बघता उतरणीला लागला. त्याचं शेत माळाच्या पायथ्यालाच. कोप, लुगड्यांचे रंग, हसणं, सगळं वरून दिसत होतं. रस्त्यानं एक मोटारसायकलवाला चालला होता, त्याला हात करकरून थांबवलं आणि पत्रावळीवर बसवलं. आम्ही दोघी टॉवरच्या सावलीत, डोक्यावर पंख्याची घरघर. खालून कुणी हाक मारली नाही.

भुवनेश्वरी एकेकाला फोन लावत होती. निघालात का, जोडीदाराला सांगितलंत का, कुलूप पाहिलंत का. गुरुसिद्धप्पानं अर्ध्यातच फोन कापला. बिहारच्या दोघांना इथं शेत नाही म्हणून तिनं पाळीपाळीनं आमच्या शेतात जेवायला पाठवलं होतं. त्यांना सासूबाईंनी आग्रह करकरून वाढलं आणि घरची सून माळावर कोरडी. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि त्याहून जास्त संताप. साहेबांचाही फोन येऊन गेला. "टॉवरवरच आहे," एवढंच ती म्हणाली.

उन्हं कलायला लागली तशी खालून एक म्हातारी हळूहळू चढत आली. हातात झाकलेला तांब्या. ती मल्हारची आई, सखूबाई.

"का गं बायांनो, जेवायला का येईना? पोरगं म्हणतंय, त्यांचं जेवण झालंय."

भुवनेश्वरीनं मला डोळ्यांनी गप्प केलं. पण मी कुठली गप्प बसते? आवाज, अंगठे, सगळं सांगून टाकलं. म्हातारीचा चेहरा उतरला.

"माज्या पोरानं? येळवशीला?" तिनं तांब्या पुढं केला. "घे माय, पी आधी."

भुवनेश्वरीनं हात मांडीवरून उचलले नाहीत. इतक्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

"आजी, तुमच्यावर माझा राग न्हाय. पर ज्यांनी नको म्हणून सांगितलं, त्यांनीच दिलं पायजे. त्याबिगर मी घोट घेणार न्हाय."

"मग म्या बी हितंच बसते," सखूबाई म्हणाली आणि खरंच धुळीत फतकल मारून बसली. "मला बी आज घास नको."

आई खाली येईना म्हणून मल्हार वर आला. "आई, ऊठ." ती उठली नाही. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि तांब्या उचलून भुवनेश्वरीपुढं धरला. "घ्या म्याडम."

"तुम्ही समद्यांना फोनवर सांगितलं हुतं, मामा. आता बी फोनवरच सांगा."

मला वाटलं, हा आता तांब्या फेकतो. त्यानं तो खाली ठेवला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला, बटण दाबून धरलं आणि खाकरला. "मल्हार बोलतोय. म्याडम दुपारपास्नं माज्या टॉवरवर हायेत. उपाशी हायेत. म्या सांगितलं त्ये चूक हुतं. आता त्यांना म्या वाढतोय. कुणाला काय म्हणायचं आसंल तर मला म्हणा."

त्यानं तांब्या पुन्हा पुढं केला. भुवनेश्वरीनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात अर्धा रिकामा केला. खालून भज्जी आली, उंडे आले. म्हातारी आमच्यासमोर बसून जेवली. मल्हार तेवढ्यात टॉवरभोवती फिरला, दाराचं कुलूप ओढून पाहिलं आणि तसं ग्रुपवर सांगितलं. मग बाकीच्यांचेही आवाज यायला लागले, कुलूप आहे, केबल आहे, आम्ही परत आलोय. शेवटचा गुरुसिद्धप्पाचा. साहेबांना तिनं कळवलं तेव्हा ते फक्त "ठीक आहे" म्हणाले. दहा घरांची चूल वाचली आणि हा माणूस ठीक आहे म्हणतो.

निघताना मल्हार स्कुटीच्या आडवा आला. अजून घुश्शातच होता.

"म्याडम, एक खरं सांगतो. तुमी मला आवडत न्हाय."

मी उतरायच्या तयारीत होते. भुवनेश्वरीनं मला मागं हात करून थांबवलं.

"मला बी तुमी आवडत न्हाय, मामा. पयल्या दिवसापास्नं न्हाय. मी रोज गोड बोलते आन् फोन ठेवला की रडते. पर ह्यो माळ तुमच्याइतका कुणाला कळत न्हाय, म्हणून तुमी मला इथं पायजे."

मल्हारनं काठी बगलेत मारली.

"हे आधी का न्हाय बोललात?" तो म्हणाला. "ते गोड बोलणं ऐकून मला वाटायचं, ही बाई मला काढायला बसलीय."

आणि तो वाटेतून बाजूला झाला.