तबकडीवाला जावई
आमचं बोरगाव सौसरजवळ, संत्र्याच्या बागांचं. पांढुर्ण्याच्या एका विमान-इंजिनिअरशी माझं लग्न जवळपास ठरलं होतं आणि मला तो मनापासून आवडला होता. घोडं अडलं ते त्याच्या नोकरीवर. पाहायला आला तेव्हा बाबूजींनी विचारलं, "काम नेमकं काय करता?" तर हा म्हणाला, "ते जरा सांगता येत नाही."

झालं! आमच्या शेजारच्या काकांना तेवढं पुरे होतं. पोरगा सरकारच्या गुप्त खात्यात उडत्या तबकड्या शोधतो, ही बातमी आठवड्याच्या आत रामाकोन्यापर्यंत पोहोचली. बाबूजींची झोप उडाली.

"उद्या सरकारनं याले कुठं नेलं, तर पोरीनं कोणाच्या तोंडाकडं पाहावं?" ते आईला म्हणाले. नकार कळवायचाच काय तो बाकी होता. मी रडकुंडीला आले होते.

तेवढ्यात आमच्याच बागेत आभाळातून एक पांढरा डबा पडला. त्याला फाटकं रबर लोंबत होतं. मी धावत जाईपर्यंत काकांनी त्याला हळदकुंकू वाहून अगरबत्तीही लावली होती. हात लावायची मात्र कोणाची हिंमत होईना.

"ज्याचं काम त्यालेच बोलवा ना," काका म्हणाले. बाबूजींनी नाइलाजानं फोन केला.

तो मोटारसायकलवर आला. डब्याला शिवायच्या आधी काकांनी त्याच्या हातात नारळ ठेवला. बिचाऱ्यानं मुकाट्यानं फोडला, डबा उलटासुलटा करून पाहिला आणि हसू दाबत म्हणाला, "हवामान मोजायचा फुगा आहे, बाबूजी. वर जाऊन फुटला की खाली पडतो."

"मंग तुमी तबकड्या नाही शोधून राहिले?" बाबूजींनी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "नाही जी. मी विमानातल्या सीटचे पट्टे तपासतो. एवढं शिकून पट्टेच तपासतो, म्हणून सांगायची लाज वाटली."

मला इतकं हायसं वाटलं, की झाडाला टेकूनच उभी राहिले. बाबूजींनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्यापुढं धरला.

"घ्या, जावाईबापू."

काका तेवढे हिरमुसले.

परवा बाबूजी पहिल्यांदा विमानात बसले. पट्टा ओढून ओढून पाहिला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "घाबरू नका जी, आमच्या जावयानं तपासला हाय." मग विमान उडायच्या आधीच घोरायला लागले.